थाळी फिरवणार नाही

"ए डोंबारणी, पुढं ये. साहेबांना कोलांट्या मारून दाखव."

हेडमास्तरांचा आवाज. आश्रमशाळेचं पटांगण. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर आमच्या नव्या गणवेशांचे गठ्ठे. खुर्च्यांवर जिल्ह्याहून आलेले साहेब आणि त्यांच्या शेजारी आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मी चौथीत होते. मला नाव होतं, रोज हजेरीला ते पुकारलं जायचं. त्या दिवशी मात्र मी नुसती डोंबारीण झाले, कारण साहेब आले होते आणि साहेबांना काहीतरी दाखवायचं होतं.

बाकीच्या पोरांना नाव घेऊन बोलावलं. पोर पुढं जायचं, गणवेश घ्यायचं, वाकून नमस्कार करायचं, परत रांगेत यायचं. माझी पाळी आली तेव्हा नाव नाही. कोलांटी.

मारल्या. पुढून मारल्या, मागून मारल्या, हातांवर चालून दाखवलं. लोक म्हणतात, डोंबाऱ्याच्या पोरांना हे जन्मतःच येतं. काही येत नाही. बापानं ओल्या फोकानं मारून मारून शिकवलेलं असतं, तेव्हा येतं. शेवटच्या उडीला फ्रॉक बगलेत टर्रकन फाटला. पोरं हसली. अध्यक्ष टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! हिनं बघा, गणवेश कमावला!"

साहेबांनी खिशातून एक नाणं काढलं आणि माझ्या पायापाशी टाकलं. प्रेमानंच टाकलं असेल. मी नाण्याकडे बघत उभी राहिले. हेडमास्तर म्हणाले, "उचल की. लाजतेस काय? धंदाच आहे तुमचा."

उचललं.

शनिवारी आबा, माझा बाप, भेटायला आला. मी उड्या मारत गेले, गणवेश दाखवला, नाणं दाखवलं. मला वाटलं, पाठीवर थाप मारेल. आबानं विचारलं, "ह्ये कशाचं?" मी सांगितलं. त्याचा चेहरा असा झाला की मी गप्पच झाले. त्यानं गणवेशाचं कापड बोटांत धरून बघितलं. मग म्हणाला, "कापड सरकारनं दिलं न्हवं? समद्या पोरांस्नी दिलं न्हवं? मग त्याच्यापायी खेळ कशाला?"

नाणं घेऊन तो सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेला. मी दाराशी. टेबलावर नाणं ठेवून म्हणाला, "मास्तर, खेळ मी करतो. माझी पोरगी शाळंत हाय."

शिपायानं त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. त्या दिवसापासून शाळेत मला नाव राहिलं नाही. सातवी होईपर्यंत मी हेडमास्तरांसाठी डोंबारीणच होते.

आता खेळाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही गावोगाव पालं टाकून राहणारी माणसं. दोन बाजूंना काठ्या रोवायच्या, मध्ये दोर ताणायचा, आबानं ढोलकी वाजवायची, आईनं दोरावर चालायचं, आम्ही पोरांनी खाली कोलांट्या मारायच्या. हे आमचं काम. काम केलं की पैसे मागायचे. त्यात लाज कसली? गवंडी भिंत बांधतो आणि मजुरी मागतो, तसंच.

पण पैसे मागायची एक रीत होती, आणि ती आबानं मला फार लहानपणी शिकवली. ज्यानं शेवटचा खेळ केला त्यानंच थाळी घेऊन फिरायचं. आणि लगेच फिरायचं. धापा टाकत. मी एकदा पाणी प्यायला थांबले तर आबा ओरडला, "दम खाऊ नको! छाती वरखाली होतीया तवरच जा. एकदा का दम बसला की लोकास्नी आपण दिसत न्हाय." लोक खेळाला पैसे देत नाहीत, दमलेल्या पोराला देतात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला पण. मी थाळी पुढं करायची ती छाती मुद्दाम जरा जास्तच हलवून.

हे सगळं मी मागं टाकून आले असं मला वाटत होतं. शिष्यवृत्तीवर शिकले, समाजकार्याची पदवी घेतली, लग्न केलं. नवरा वेल्डर. त्याला कॅनडात, हॅमिल्टनला काम मिळालं आणि आम्ही आलो. हॅमिल्टन म्हणजे पोलादाचं गाव. गावामधून एक उंच कडा गेलाय, त्याला इथं सगळे माउंटन म्हणतात. वर माउंटनवर घरं, लॉन, दोन-दोन गाड्या. खाली, कारखान्यांच्या बाजूला, जुन्या विटांच्या इमारती, खिडकीतून दिसणारा कारखान्यांचा धूर. आम्ही खाली. खालीच राहायची सवय होती म्हणा.

माझं आडनाव असं आहे की ते कुणाचंही असू शकतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मोहिनीताई भेटल्या, त्यांनी आडनाव ऐकलं आणि पुढचा प्रश्न ठरलेलाच. "म्हणजे साताऱ्याकडचे का तुम्ही?" मी म्हटलं, हो, तिकडचेच. त्यांनी जे गृहीत धरायचं ते धरलं. मी खोडून काढलं नाही. ती काही माझी जबाबदारी नव्हती. मोहिनीताई मूळच्या पुण्याच्या. माउंटनवर राहायच्या, आणि खाली आमच्या भागातल्या एका सामाजिक केंद्राच्या संचालक मंडळावर होत्या. त्यांनीच मला तिथं नोकरी लावली. हे त्यांचे उपकार, आणि ते मी आजही नाकारत नाही.

तर ते केंद्र. दोन हजार सोळा साल असेल. आमच्या भागात हंगेरीतून आलेली रोमा कुटुंबं बरीच होती. युरोपात ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात ते हे लोक. तिथं घरं जाळली गेली, पोरांना मार पडला, म्हणून इथं आश्रय मागायला आलेले. सरकारनं ठरवलं की अशा पडत्या वस्तीत रोमा कुटुंबांसाठी खास निधी द्यायचा. पोरं शाळेत टिकावीत, बायकांना काम मिळावं, लोक मिसळावेत. निधी आमच्या केंद्राला मिळाला.

केंद्राची प्रमुख शर्ली. गोड बोलणारी बाई, कुणालाही मिठी मारायची. तिनं पहिल्याच सभेत सगळ्या रोमा बायकांसमोर उभं राहून सांगितलं की या निधीतून इथल्या प्राथमिक शाळेत एक मदतनीस नेमली जाईल, आणि ती तुमच्यातलीच बाई असेल. मी शेजारी उभी होते. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी इलोनाकडे बघितलं.

इलोना माझ्याच वयाची. कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला. पहाटे पाळी करून आली की अंघोळ करायची आणि मुलीच्या शाळेत जाऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायची. तिच्या मुलीचं नाव रेका, नऊ वर्षांची. इलोनाला तिच्या देशात पहिलीतच मंदबुद्धी पोरांच्या शाळेत टाकलं होतं. तपासणी नाही, काही नाही. रोमा आहे, मग मंदच असणार. तिच्या गल्लीतली सगळी पोरं त्याच शाळेत. "मी लिहायला नवऱ्याकडून शिकले," असं तिनं मला सांगितलं, आणि सांगताना हसली नाही.

आता इथं रेकाला वर्गाबाहेर, कॉरिडॉरमधल्या एका टेबलाशी रंगीत खडू देऊन बसवायला लागले होते. इंग्रजी कमी पडतं, लक्ष लागत नाही, असेसमेंट करू, असं शिक्षिका म्हणायच्या. वाईट बाई नव्हत्या त्या. पण इलोनाला त्या टेबलात काय दिसत होतं ते मला कळत होतं. बाकावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या रोमा पोरांना समजावायची, त्यांच्या आयांना बाईंचं म्हणणं सांगायची. पण ती व्हिजिटर. गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला. ऑफिसच्या पुढं जायची परवानगी नाही. मदतनीस झाली तर ती आत जाऊ शकत होती, टेबलाशी आणि वर्गात, जिथं पोरीचं काय करायचं ते ठरत होतं तिथं. तिला एवढंच हवं होतं.

महिने गेले. नेमणूक होईना. मी शर्लीला विचारलं की ती म्हणायची, "शी इज नॉट क्वाइट रेडी." अजून तयारी नाही तिची. कसली तयारी? तिला सगळी गल्ली ओळखते, तीन भाषा येतात. शर्ली माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची की तुझं मन फार चांगलं आहे.

आणि मग मोहिनीताईंना शोध लागला. रोमा लोक मूळचे भारतातले! कुठंतरी वाचलं त्यांनी. धावतच आल्या. "अगं, हे तर राजस्थानातून गेलेत! हजार वर्षांपूर्वी! म्हणजे आपलीच माणसं की गं ही. इट्स सो इमोशनल!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी बघत होते. हजार वर्षांपूर्वी गेलेली आपली. आणि गावाच्या कडेला पालं टाकून राहतात ती? त्यांची वेगळी भांडी कुठं ठेवायची असतात, ते मोहिनीताईंच्या घरी कुणाला विचारावं लागलं नसतं. मी चहाचे कप विसळत राहिले.

वसंतात सरकारची माणसं बघायला येणार होती. पुढच्या वर्षी निधी द्यायचा का नाही ते ठरणार. शर्लीनं एक संध्याकाळ ठरवली. भाषणं, खाणं, थोडं संगीत. "त्यांना हे जाणवलं पाहिजे," ती म्हणाली, "नुसतं ऐकून नाही चालत." रोमा मुलींचा नाच ठेवायचा. बायकांना तयार करायचं काम माझ्यावर, कारण त्या माझं ऐकतात.

इलोनाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझा आजोबा हॉटेलात व्हायोलिन वाजवायचा. लोक जेवायचे, तो त्यांच्या खुर्चीमागं उभा राहून वाजवायचा. माझा बाप म्हणायचा, आपल्या घरातलं कुणी परत खुर्चीमागं उभं राहणार नाही." मग म्हणाली, "रेकाला नाच आवडतो. नाचू दे. पण नाच झाला की मी बोलणार. शाळेबद्दल. ते मान्य असेल तर."

शर्ली म्हणाली, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स.

त्या संध्याकाळी मोहिनीताई दोन मोठ्या सुटकेसी घेऊन आल्या. उघडल्या तर आत महाराष्ट्र मंडळाच्या दांडियाचे घागरे. आरसे लावलेले, गोंडे लोंबणारे. "त्यांचं मूळ राजस्थानी ना गं, म्हणून आणले. किती ग्रेसफुल दिसतील!" हंगेरीच्या बायकांना घागरे. बायका एकमेकींकडे बघून तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना. इलोनानं एक घागरा हातात धरला, उलटसुलट केला, घडी घालून परत सुटकेसीत ठेवला. ती स्वतः काळी पँट आणि पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आली होती. मुलाखतीला घालतात तसा. रेकाला मात्र आरसे आवडले. पोरच ती. तिनं घागरा घातला आणि गोल फिरून बघितलं.

हॉल भरला. पुढच्या रांगेत सरकारची माणसं, गळ्यात बिल्ले. व्हिजिटरचे नव्हेत. हातात कागदी प्लेटा, त्यात सामोसे. शर्ली बोलली. मोहिनीताई बोलल्या, हजार वर्षांचं सांगितलं. मग संगीत लागलं, बाकीच्या मुली नाचून गेल्या आणि शेवटी रेका आली.

पोरगी छान नाचली. कुणी काही म्हणो, फार छान नाचली. शेवटी गिरकी घेत घेत थांबली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते, तोंड लाल, छाती वरखाली. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. मी बाजूच्या दाराशी होते. इलोना दुसऱ्या बाजूला, दोन्ही हात पुढं जुळवून, आता आपलं नाव घेतील म्हणून थांबलेली.

नाव घेतलं नाही. शर्ली वेताची एक टोपली घेऊन रेकाकडे गेली. माइकवर म्हणाली की मुलांच्या दप्तरांसाठी ज्याला जे द्यावंसं वाटेल ते द्यावं. मग माइक खाली करून रेकाच्या कानाशी वाकली. मी जवळ होते, मला ऐकू आलं. "गो नाऊ, स्वीटी. आत्ताच जा, टाळ्या चालू आहेत तोवर."

रेकानं टोपली घेतली. धापा टाकत निघाली.

माझ्या अंगातून काय गेलं ते मला सांगता यायचं नाही. राग म्हणा. हॅमिल्टनच्या त्या हॉलमध्ये मला ढोलकी ऐकू आली, खरंच आली. कुणी शिकवलं या बाईला? आबाला भुकेनं शिकवलं होतं. हिला कुणी शिकवलं की दम बसायच्या आत पोर फिरवायचं असतं? आणि आबा तर मजुरी मागत होता. ही काय मागत होती? दप्तरांचा पैसा निधीत होता. पोरांच्या हक्काचा होता. त्याच्यापायी खेळ कशाला?

मी चालत गेले आणि रेकाच्या हातातली टोपली घेतली. पहिल्या रांगेतल्या एकानं नोट टाकायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, "नो. शी इज नॉट गोइंग अराउंड." ही फिरणार नाही.

टाळ्या थांबल्या.

मोहिनीताई उठून माझ्याजवळ आल्या आणि मराठीत कुजबुजल्या. "अगं, काय करतेस? गव्हर्नमेंटचे लोक आहेत. अगं वेडी झालीस का?"

मी मराठीतच, पण कुजबुजले नाही. "मोहिनीताई, मी डोंबाऱ्याची आहे. मी थाळी फिरवलीय. ही फिरवणार नाही."

मोहिनीताई एक पाऊल मागं सरकल्या. बाकीच्या हॉलला काही कळलं नाही. मग मी ते इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी आश्रमशाळेचं, पण त्या दिवशी अडखळलं नाही. सांगितलं की माझ्या देशात माझे लोक रस्त्यावर खेळ करून पोट भरतात. मला सरकारी गणवेश मिळणार होता, तो सगळ्यांना मिळत होता, पण मला त्याच्यासाठी कोलांट्या मारायला लावल्या. त्या शाळेच्या पटावर पोरं आमची होती, म्हणून त्या संस्थेला अनुदान होतं. आज या केंद्राला निधी आहे तो या बायकांच्या नावानं आहे. त्यांनी नाचून दाखवलं म्हणून तो मिळत असेल, तर तसं सांगा. नाहीतर इलोनाला बोलायचंय. तिला तसा शब्द दिला होता.

शर्ली माझ्याकडे हसूनच बघत होती. हसू तसंच ठेवून तिनं माइक पुढं केला. काय करणार, सगळे बघत होते.

इलोना पुढं आली. कागद नव्हता. तिनं रेकाला आपल्याजवळ घेतलं आणि ती म्हणाली, "मी आभार मानायला आले नाही. मी टॅक्स भरते. माझी मुलगी वर्गाबाहेर बसते. तिला वाचता येतं. तिला कुणी वाचायला सांगितलंच नाही. मला शाळेच्या आत जायचं आहे. तुम्ही ते काम आमच्यातल्या एका बाईला देणार म्हणाला होतात. कधी?"

एवढंच. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ, मघाचाच नोटवाला, फार सौम्यपणे म्हणाला, "रेका आम्हाला काहीतरी वाचून दाखवेल का? आत्ता? आम्हाला फार आवडेल."

रेकानं आईकडे बघितलं. पोरगी तयार होती. मला वाटलं, वाचू दे, जिंकलो आपण. खरंच वाटलं. पण इलोना माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

"नाही," ती म्हणाली. "शाळेत या. वर्गात बसलेली असेल तेव्हा ऐका."

आणि ती रेकाचा हात धरून बाजूला झाली. टाळ्या झाल्या नाहीत. कुणीतरी खुर्ची सरकवली. सामोसे गार झाले होते.

पार्किंग लॉटमध्ये मोहिनीताई गाडीशी थांबल्या होत्या. सुटकेसी डिकीत ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू आधी सांगितलं असतंस तर..."

"तर काय, मोहिनीताई?"

"काही नाही गं. इथं कोण मानतं ते."

"मानत नाही ना? मग आधी कशाला सांगायचं?"

त्यांनी डिकी लावली. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मी वाट बघत नव्हते असं म्हणेन, पण बघत होते. वाईट वाटलं. त्यांच्याच हाताला धरून मी या गावात उभी राहिले होते, आणि त्यांनीच हात काढून घेतला. तो हात मी कोण आहे म्हणून दिला होता, की मी कोण असेन असं त्यांना वाटलं म्हणून, ते त्या दिवशी कळलं. कळलं ते बरंच झालं.

शर्लीनं काही दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. मिठी मारली. म्हणाली की तू फार पॅशनेट आहेस, पण वुई डोन्ट थिंक इट्स अ गुड फिट. करार वाढवला नाही. निधी मात्र वाढला. नाच सगळ्यांना फार आवडला होता. शाळेतल्या कामावर दुसऱ्याच गावातली एक पदवीधर मुलगी घेतली. चांगली मुलगी आहे, तिचा काही दोष नाही. पहिल्या आठवड्यात ती इलोनाच्या बाकाशी आली आणि तिनं विचारलं, ही मुलं आपापसांत कुठली भाषा बोलतात?

घरी सांगितलं तेव्हा नवरा हातमोजे काढत होता. "गेली नोकरी?" मी म्हटलं, गेली. तो हातमोजे घेऊन तिथंच बसला. भाडं होतं, गाडीला विंटर टायर घ्यायचे होते, मला माहीत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय ते. मग म्हणाला, "तू मोठ्यानं सांगितलंस? डोंबारी म्हणून?" हो म्हटलं. तो उठला आणि स्वतःच कुकर लावला. तोही आमच्यातलाच आहे. कारखान्यातल्या मराठी माणसांना त्यानंही कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला सांगितलं. त्याच्याबरोबर डबा खाणारा एक जण आता दुसऱ्या टेबलावर बसतो. बसू दे.

मी सध्या एका गोडाऊनमध्ये खोकी भरते. सुटीच्या दिवशी इलोनाच्या स्वयंपाकघरात बायका जमतात. आम्ही आमची संस्था काढली आहे. अध्यक्ष इलोना. पहिल्या बैठकीत एकीनं विचारलं की कुणीतरी मोठी कॅनेडियन बाई प्रमुख म्हणून घ्यायला नको का, सरकारला विश्वास वाटायला. इलोना म्हणाली, आपण कोण आहोत मग? ज्या बायका कोंबड्या कापतात, ऑफिसं झाडतात, हॉटेलात भांडी घासतात, त्यांच्याही पगारातून पैसा कापून सरकारात जातो. तोच पैसा आमच्या नावानं वस्तीत परत येतो, आणि मधेच कुणीतरी तो हातात धरून आम्हाला म्हणतं, आधी उडी मार. हे आता चालणार नाही. पैसा कुणाच्या घरचा नाही. तो मागताना आम्ही मान खाली घालणार नाही, आणि मिळाल्यावर वाकून नमस्कार करणार नाही. निधीची पुढची फेरी येतेय. या वेळी आमच्या नावानं दुसरं कुणी मागणार नाही. शाळेतलं काम वस्तीतल्याच बाईला, ही आमची पहिली अट. नाही दिलं तर परत मागू. परत नाही दिलं तर नगरपालिकेच्या दारात जाऊन बसू. बसायची आम्हाला सवय आहे. इलोनानं त्या बाकावर दोन हिवाळे काढलेत.

परवा सरकारी ऑफिसातून फोन आला. आमचं म्हणणं ऐकायला वेळ दिला आहे, मंगळवारी सकाळी. बाई फोनवर छान बोलत होती. पत्ता सांगितला, पार्किंगचं सांगितलं. आणि मग म्हणाली, "तुमची मुलं येणार आहेत का? थोडं संगीत, नाच वगैरे? सगळ्यांना फार आवडेल."

फोन स्पीकरवर होता. समोर इलोना बसली होती. रेका तिथंच टेबलावर गृहपाठ करत होती, तिनं मान वर केली.

मी म्हटलं, "नाही. त्या वेळी पोरं शाळेत असतील."